घूं, चर्र आणि शिट्टी : घरी बनवलेल्या गिटार-पेडलविषयी वाचकांचे प्रश्न

डिस्टॉर्शनचे पेडल, म्हणजे गिटारचा सूर मुद्दाम फाडून खरखरीत करणारी पायाने दाबायची डबी, घरच्या घरी कशी जुळवावी, याविषयी या सदरात लिहिल्यापासून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे येत आहेत. पेडल मुळीच वाजत नाही, अशी तक्रार त्यांत एकदोघांचीच आहे. बाकीच्यांचे पेडल वाजते. इतके वाजते, की गिटार हातात घेण्याआधीच ते सुरू झालेले असते. वाचकांनी आवाजाची वर्णने मन लावून केली आहेत आणि त्यांचा मला उपयोगही झाला, कारण या कामात निदान आधी कानाने होते आणि मीटर नंतर लागतो. जाड, सलग आवाजाला मी पुढे ‘घूं’ म्हटले आहे, धारदार कर्कश आवाजाला ‘चर्र’, आणि शिट्टीला शिट्टीच.

प्रश्न : मी पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. झिरो पीसीबीवर (भोकाभोकांच्या कोऱ्या बोर्डावर) टीएल ०७२ हा सिग्नल मोठा करणारा आयसी वापरून डिस्टॉर्शन पेडल बनवले आणि स्वयंपाकघरातील स्टीलच्या डब्यात बसवले. वीजपुरवठा बॅटरी एलिमिनेटरवर, म्हणजे बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालणाऱ्या अ‍ॅडॉप्टरवर आहे. पेडल सुरू केले की जाड घूं येते. गिटारच्या तारांना हात लावला की ती कमी होते, हात काढला की पुन्हा वाढते. आजी माजघरातून विचारते, ‘हाई काय घुमी राहिनं रे भाऊ?’ तिला काय सांगावे आणि पेडलमधला कोणता भाग बदलावा?
— एक विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : आजीला सांगा, की घरातली वीज घुमते आहे, हे उत्तर शब्दशः खरे आहे. भाग मात्र अजून एकही बदलू नका. सोल्डर काढून पुन्हा लावताना झिरो पीसीबीवरची तांब्याची चकती उचकटते, आणि मूळचा एक दोष होता तिथे दोन होतात.

आपली घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे, म्हणजे ती सेकंदाला ५० वेळा हेलकावा पूर्ण करते. हा हेलकावा उघड्या तारेतून किंवा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट सिग्नलमध्ये शिरला, तर ५० हर्ट्झची घूं ऐकू येते. एलिमिनेटरमधून आला, तर गोष्ट बदलते. आतले डायोड हेलकाव्याचा खालचा अर्धा भाग उलटवून वर आणतात, त्यामुळे डीसीवर जी लहर उरते ती सेकंदाला १०० वेळा येते. हा फरक ओळखायला तुमची गिटारच पुरेशी आहे. सुरात लावलेल्या गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसरा पडदा दाबून वाजवा. तो सूर ९८ हर्ट्झचा असतो. घूं त्या सुरात जवळजवळ मिसळून जात असेल, तर वीजपुरवठ्यावर संशय घ्या. ती एक सप्तक खाली वाटली, तर शिल्डिंग (बाहेरची वीज अडवणारे धातूचे आवरण), ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची बाजू) किंवा गिटारचे पिकअप (तारांची थरथर झेलणारी चुंबकावरची गुंडाळी) यांच्याकडे वळा. हे ऐकताना पेडलचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट करायचा ते ठरवणारी कळ, अगदी कमी ठेवावा, कारण डिस्टॉर्शन एकाच लहरीतून तिच्या पटीतले वरचे सूर तयार करते आणि कान फसतो. स्पीकर फार लहान असेल तर ५० हर्ट्झ तो धड उमटवतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

त्यानंतर चार चाचण्या याच क्रमाने कराव्यात. प्रथम पेडल बाजूला ठेवून गिटार थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. तरीही तेवढीच घूं असेल, तर पेडल निर्दोष आहे. मग पेडल मध्ये घ्या, पण बायपासमध्ये ठेवा, म्हणजे सिग्नल सर्किटला वळसा घालून जाईल. इथे घूं सुरू झाली, तर दोष जॅक, फूटस्विच आणि त्यांच्यामधल्या तारा यांत आहे, सर्किटपर्यंत जाण्याचे कारणच नाही. तिसऱ्या चाचणीत पेडल सुरू करून गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. शून्यावर गिटारची सिग्नलची तार आतल्या आत ग्राउंडला जोडली जाते, म्हणून पिकअपने झेललेली घूं तिथेच मरते. आवाज थांबला तर तो गिटारमधून येत होता, चालू राहिला तर तो पेडलमध्ये किंवा त्याच्या पुरवठ्यात आहे. शेवटी एलिमिनेटर काढून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावा; घूं गेली, तर ती पुरवठ्यातून येत होती. पंधरा मिनिटांचे हे काम टाळून थेट सोल्डरिंग आयर्न तापवणाऱ्यांची पत्रे मला दुसऱ्यांदाही येतात.

हात लावल्यावर आवाज कमी होणे हा बिघाड नाही. माणसाचे शरीर खोलीतल्या वायरिंगची वीज अँटेनासारखी झेलते आणि पिकअपला खेटून बसून ती त्याच्यापर्यंत पोचवते; तारांना स्पर्श होताच, गिटारच्या ब्रिजखालून गेलेल्या ग्राउंडच्या तारेमुळे शरीरही शून्याला बांधले जाते. तुमच्या गिटारची ती तार शाबूत आहे, एवढेच यातून कळते. हात लावल्यावर आवाज वाढला असता, तर ती सुटली आहे असे मी म्हटले असते.

आता हाच आवाज पेडल नसताना का जाणवत नाही, ते पाहा. समजा, तार छेडल्यावर २०० मिलिव्होल्टचा सिग्नल येतो आणि त्याच्यासोबत २ मिलिव्होल्टची घूं येते. हे प्रमाण शंभरास एक असल्यामुळे ती कुणाच्या ध्यानात येत नाही. पेडलने दोन्ही शंभर पट केले, की घूं २०० मिलिव्होल्टची होते; सूर खरे तर २० व्होल्टचा व्हायला हवा, परंतु क्लिपिंगचे सिलिकॉन डायोड त्याला ०.७ व्होल्टच्या आसपास छाटतात. शंभरास एक असलेले प्रमाण साडेतीनास एकवर येते. म्हणजे डिस्टॉर्शन पेडलमध्ये थोडी घूं राहणारच, आणि ती पूर्ण नाहीशी करण्याच्या हट्टापायी चांगले सर्किट मोडू नये.

तुमच्याकडे मात्र ती थोडी नाही, आणि पत्रात एलिमिनेटरचा उल्लेख आहे. बाजारातील साध्या एलिमिनेटरमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारे काही नसते. ९ वर ठेवलेली कळ भार नसताना मीटरवर १२-१३ व्होल्ट दाखवते आणि तिच्यावर लहरही भरपूर असते. पेडलमध्ये पुरवठ्याच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टन्स आणि त्याच्यानंतर ग्राउंडकडे १०० मायक्रोफॅराडचा कंडेन्सर घातला, तर १०० हर्ट्झची लहर सुमारे सहाव्या हिश्श्यावर येते. कंडेन्सर ४७० चा घेतला तर तिसाव्या हिश्श्यावर. हे पेडल फार तर पाच-सहा मिलिअँपिअर ओढते, त्यामुळे रेझिस्टन्समध्ये अर्ध्या व्होल्टच्या आसपास जाते, आणि तेवढे परवडते. कंडेन्सर निदान २५ व्होल्टचा असावा.

याहून महत्त्वाची जागा दुसरीच आहे. टीएल ०७२ ला एकाच बॅटरीवर चालवण्यासाठी १० किलोओहमच्या दोन रेझिस्टन्सनी साडेचार व्होल्टचा मध्यबिंदू काढलेला असतो. पुरवठ्यावरच्या लहरीचा अर्धा भाग त्या बिंदूवर येतो आणि तिथून आयसीच्या इनपुटला पोचून सुराबरोबरच शंभर पट होतो. म्हणून मध्यबिंदू आणि ग्राउंड यांच्यामध्ये कंडेन्सर हवाच. १० मायक्रोफॅराडचा कंडेन्सर त्या लहरीला सुमारे तिसाव्या हिश्श्यावर आणतो आणि ४७ चा दीडशेव्या हिश्श्यावर. हा कंडेन्सर लावायचा राहिला किंवा उलटा लागला, तरी पेडल वाजत राहते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. माझा पहिला संशय तुमच्या बोर्डाच्या याच कोपऱ्यावर आहे.

डब्याविषयी दोन शब्द. स्टीलचा डबा चांगला आहे, पण तो ग्राउंडला जोडलेला असेल तरच. न जोडलेला धातूचा डबा आतल्या तारांना घूं पोचवणारा मध्यस्थ होतो. धातूच्या गळ्याचा जॅक नटाने आवळला, की डबा आपोआप ग्राउंडला लागतो, प्लॅस्टिकच्या गळ्याचा जॅक असेल तर लागत नाही. स्टेनलेस स्टीलला आणि अ‍ॅल्युमिनिअमला साधे सोल्डर धरत नाही, तेव्हा भोक पाडून, दातेरी वॉशर आणि लग घालून स्क्रूने तार आवळावी. माझ्या पहिल्या पेडलचा डबा मी हौसेने आतबाहेर काळ्या ऑइलपेंटने रंगवला होता आणि आठवडाभर आयसी बदलत बसलो होतो. झाकण आणि डबा यांच्यामध्ये रंगाचा थर होता, त्यामुळे झाकण ग्राउंडला लागतच नव्हते. स्क्रूखालचा रंग सुरीने खरवडला आणि काम झाले.

प्रश्न : राउटरबरोबर आलेला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पेडलला चालेल का? पिन तर बसते.
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : पिन बसते, हाच धोका आहे. राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि सीसीटीव्ही यांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये बहुधा आतला भाग धन आणि बाहेरचा ऋण असतो. गिटार-पेडलमध्ये रूढ पद्धत नेमकी उलटी, म्हणजे आत ऋण आणि बाहेर धन अशी आहे. अ‍ॅडॉप्टरवरची वर्तुळाची खूण पाहा आणि मीटरनेही खात्री करा. उलटी जोडणी झाली तर आयसी आणि मोठे कंडेन्सर जातात, म्हणून पुरवठ्याच्या धन तारेत १एन ५८१७ हा डायोड घालावा. त्यात सुमारे ०.३ व्होल्ट जातात, पण उलटा प्रवाह अडतो.

१२ चे ९ करण्यासाठी ७८०९ हा रेग्युलेटर उत्तम. त्याला आत येणारे व्होल्टेज निदान दोन व्होल्टने जास्त लागते आणि १२ त्यात बसते. छापील बाजू आपल्याकडे धरली, की डावीकडे इनपुट, मध्ये ग्राउंड आणि उजवीकडे आउटपुट. एक सावधगिरी आणखी घ्या. डीसीचे सॉकेट प्लॅस्टिकच्या गळ्याचेच वापरा. पूर्ण धातूच्या सॉकेटमध्ये पिनच्या बाहेरच्या भागाची जोडणी बहुधा गळ्याशी असते, आणि आपल्या पेडलमध्ये बाहेरचा भाग धन असल्यामुळे असे सॉकेट ग्राउंड केलेल्या डब्यात आवळताच पुरवठा शॉर्ट होतो.

प्रश्न : हिवाळ्यात पेडल व्यवस्थित होते. एप्रिलपासून चर्र असा आवाज येतो. दुपारी जास्त, पहाटे जवळजवळ नाही. आमचे घर रेल्वेमार्गापासून फार लांब नाही. विजेवरच्या गाड्यांमुळे असे होत असेल का? वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू झाला, की आवाज आणखी बिघडतो.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : रेल्वेवरचा आळ तूर्त मागे घ्या. ओव्हरहेड तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि त्यांची वारंवारताही ५० हर्ट्झच आहे, हे खरे. पण गाड्या जानेवारीतही धावत होत्या. एप्रिलपासून तुमच्या घरात नवे काय सुरू झाले? भुसावळच्या उन्हाळ्यात दुपारी पंखा आणि कूलर या दोन्हींशिवाय कुणी गिटार हातात धरेल, असे वाटत नाही.

पंख्याचा रेग्युलेटर सलग फिरणारा, बटणाएवढा इलेक्ट्रॉनिक असेल, तर पहिला संशयित तोच. त्यातला ट्रायॅक नावाचा भाग विजेची प्रत्येक अर्धी लहर मध्येच तोडून जोडतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा प्रवाहाला कडा पाडतो. घूंची गोलाई जाऊन चर्र होते ती या कडांमुळे. पंखा पूर्ण वेगावर ठेवून ऐका, मग मधल्या वेगावर, मग बंद करून. मधल्या वेगावर सर्वांत जास्त चर्र आली, तर निदान झाले. खटक्याखटक्याने फिरणारा कंडेन्सरचा रेग्युलेटर बसवून घ्या, तो लहर तोडत नाही.

कूलरची मोटर आणि पाण्याचा पंप चुंबकीय क्षेत्र पसरवतात, आणि तेही पेडलपेक्षा गिटारच्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपला जास्त बाधते. त्यावर डब्याचे शिल्डिंग किंवा तांब्याची पट्टी फारशी उपयोगी पडत नाही. त्या दोन्ही गोष्टी विद्युत क्षेत्र अडवतात, चुंबकीय क्षेत्र त्यांतून आरपार जाते. इथे अंतर आणि दिशा कामाला येतात. मोटरपासूनचे अंतर दुप्पट केले, तर क्षेत्र साधारण आठव्या हिश्श्यावर येते. दिशेसाठी फिरत्या खुर्चीवर गिटार घेऊन बसा, तारांवर तळहात ठेवा आणि सावकाश एक चक्कर घ्या; दोन जागा अशा सापडतील, की जिथे आवाज एकदम बसतो. तिथे तोंड करून वाजवणे हा फुकटचा उपाय आहे. पैशांचा उपाय हंबकर पिकअपचा. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला होता. त्यात दोन गुंडाळ्या उलट्या दिशांनी आणि उलट्या चुंबकध्रुवांवर असतात. तारेचा सूर दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरून आलेली घूं मात्र एकमेकींना छेदून जाते.

इन्व्हर्टरविषयी तुमचे निरीक्षण बरोबर आहे. स्वस्त इन्व्हर्टर गोलाईची लहर न देता चौकोनी लहर देतो, आणि चौकोनाला कडा असतातच. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर नसेल, तर वीज नसताना पेडल बॅटरीवर चालवा.

प्रश्न : पेडलचा दिवा लागतो, बायपासमध्ये गिटार स्वच्छ ऐकू येते, पण पेडल सुरू केले की फक्त बारीक घूं उरते आणि गिटार गायब होते. आयसीच्या ३ नंबरच्या पायावर साडेचार व्होल्ट हवे होते, मीटर २.२ दाखवतो. आयसी दोनदा बदलला.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : आयसी दोन्ही वेळा चांगलाच असावा. तुमच्या सर्किटमध्ये ३ नंबरच्या पायाला साडेचार व्होल्ट १ मेगाओहमच्या रेझिस्टन्समधून येतात, आणि अनेक स्वस्त डिजिटल मीटरांचा अंतर्गत रोधही १ मेगाओहमच असतो. मीटर टेकवताच तो स्वतःच अर्धे व्होल्टेज खातो आणि उरलेले अर्धे दाखवतो. आयसीचे आउटपुट, म्हणजे १ नंबरचा पाय, मोजून पाहा. तिथे मीटरचा भार जाणवत नाही. तिथे साडेचारच्या आसपास, ८ नंबरवर पुरवठा आणि ४ नंबरवर शून्य मिळाले, तर आयसीला हात लावू नका.

मग सिग्नल कुठे हरवतो, ते शोधण्यासाठी शोधनी बनवा. बाजारात जिला पी-३८ म्हणतात ती पिन असलेल्या गिटारच्या जुन्या केबलची एक बाजू अ‍ॅम्प्लिफायरला लावा. दुसरी बाजू कापून तिची जाळी पेडलच्या ग्राउंडला चिमट्याने जोडा आणि मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅराड, १०० व्होल्टचा कंडेन्सर लावा. कंडेन्सरचा मोकळा पाय हीच शोधनी. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज कमी ठेवा, पेडलच्या इनपुटला मोबाइलवरून एखादे गाणे हळू आवाजात सोडा, आणि इनपुट जॅकपासून सुरुवात करून, सिग्नल ज्या वाटेने जातो त्या वाटेने एकेक सांध्यावर शोधनी टेकवत चला. इथे गाणे आहे, इथेही आहे, या कंडेन्सरच्या अलीकडे आहे आणि पलीकडे नाही: दोष तुमच्या शोधनीच्या टोकाखाली आलेला असतो. बहुतेक वेळा तिथे ड्राय सोल्डर निघतो. चांगला सांधा चकचकीत आणि उतरत्या कडांचा असतो. ड्राय सोल्डर मळकट, गोळ्यासारखा, पायाभोवती केसाएवढी फट ठेवणारा. ६०:४० चे सोल्डर पातळ व्हायला सुमारे १९० अंश पुरतात, पण पाय आणि चकती हे दोन्ही तापले नाहीत, तर ते नुसते वर बसते. सांधा २५ वॅटच्या आयर्नने पुन्हा वितळवा आणि थंड होईपर्यंत फुंकरही घालू नका. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आत मात्र ही शोधनी कधीही घालू नये. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

शोधनी बोर्डाच्या आउटपुटपर्यंत गाणे ऐकवत असेल, तर दोष नऊ पायांच्या फूटस्विचमध्ये आहे. हा स्विच चौकोनी असल्यामुळे नव्वद अंशांत फिरवून बसवला, तरी तसाच दिसतो, म्हणून पाय डोळ्यांनी न ठरवता मीटरच्या बीपने ठरवा: ज्या ओळीतला मधला पाय प्रत्येक दाबाबरोबर एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला लागतो, ती एक ओळ. पहिल्या ओळीच्या मध्यावर इनपुट जॅक, दुसरीच्या मध्यावर आउटपुट जॅक, दोघींची ‘बंद’ टोके एकमेकींना जोडलेली, ‘चालू’ टोके बोर्डाच्या इनपुट-आउटपुटला. तिसरी ओळ दिव्याची. दिवा लागतो यावरून फक्त तिसरी ओळ शाबूत आहे एवढेच सिद्ध होते. या पायांवर आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवला, तर आतले प्लॅस्टिक वितळते आणि संपर्क कायमचा जातो.

गाणे परत आल्यावर गेन वाढवताच शिट्टी सुरू झाली, तर इनपुट आणि आउटपुटच्या तारा स्विचजवळ एकमेकींना चिकटून गेल्या आहेत, असे समजा. त्या दूर करा. जागा नसेल तर इनपुटला शिल्डेड वायर वापरा आणि तिची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा.

प्रश्न : आमचा लग्नाच्या वरातीचा बॅण्ड आहे. गाडीवर जनरेटर, मिक्सर, कीबोर्ड, बेंजो आणि गिटार असते. गिटारवाल्याचे पेडल मिक्सरला जोडले, की सगळ्या भोंग्यांतून घूं येते, आणि त्याचे ओठ माइकला लागले की झिणझिण्या येतात. एका मिस्त्रीने मिक्सरच्या प्लगची जाड पिन काढून टाकायला सांगितले. घूं जाते म्हणे.
— एक बॅण्डमालक, शहादा तालुका

उत्तर : पिन काढू नका, काढली असेल तर पुढच्या सुपारीआधी बसवून घ्या. ती अर्थिंगची पिन आहे. ती काढल्यावर घूं खरेच जाते, आणि म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. परंतु त्यानंतर एखाद्या उपकरणात बिघाड झाला, तर त्याच्या पत्र्यावर आलेली वीज जमिनीत जाण्याऐवजी माइक धरलेल्या गायकातून जाईल.

झिणझिण्यांचा विचार आधी करा. दोन पिनांच्या काही अ‍ॅडॉप्टरमधून आतल्या छोट्या कंडेन्सरमार्फत अगदी थोडी वीज झिरपते आणि बोटांना मुंग्या येतात. ती एरवी घातक नसते. परंतु तुटलेल्या अर्थिंगच्या, बिघडलेल्या उपकरणाचा झटकाही सुरुवातीला तसाच वाटू शकतो, तेव्हा हा फरक ओठांनी ठरवू नये. माइकची जाळी आणि गिटारच्या तारा यांच्यामध्ये मीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजा. काही व्होल्टांहून जास्त दिसले, तर वाजवणे थांबवा आणि जनरेटरची चौकट, न्यूट्रल व अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. गाडी रबरी टायरांवर उभी असते, म्हणजे तिला जमीन आपोआप मिळत नाही.

घूंचे कारण वेगळे आहे. मिक्सर एका बोर्डावरून आणि गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावरून घेतला, की दोन्हींची ग्राउंड दोन वाटांनी जोडली जातात: एक वाट अर्थिंगच्या तारेतून, दुसरी पेडलच्या केबलच्या जाळीतून. या दोन वाटांचा मिळून एक मोठा वेढा तयार होतो, आणि जनरेटरच्या शेजारी पडलेल्या वेढ्यात प्रवाह फिरू लागतो. तो सिग्नलच्याच जाळीतून फिरत असल्यामुळे भोंग्यांपर्यंत पोचतो. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घ्या, केबलची वेटोळी जनरेटरवर ठेवू नका, आणि पेडल व मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडून देणारी डबी) लावून त्याची ग्राउंड-लिफ्टची कळ उघडा. ती कळ केबलची जाळी तोडते, अर्थिंग नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे, की जुन्या पद्धतीचे एक फझ पेडल (डिस्टॉर्शनचाच एक प्रकार) बाकीच्या पेडलबरोबर एकाच अ‍ॅडॉप्टरवर लावले, की सगळेच बंद पडते. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने आणलेल्या फझ फेस या पेडलमध्ये जर्मेनिअमचे पीएनपी ट्रान्झिस्टर होते आणि त्याचे ग्राउंड धन बाजूला होते. तुमचे पेडल त्या वळणाचे असेल, तर इतरांचे ऋण आणि याचे धन केबलच्या जाळीतून एकत्र येते आणि अ‍ॅडॉप्टर शॉर्ट होतो. त्याला स्वतंत्र बॅटरी द्या.

प्रश्न : रात्री दहानंतर पेडलमधून बारीक आवाजात बातम्या आणि हिंदी गाणी ऐकू येतात. घरचे हसतात.
— एक वाचक, रावेर

उत्तर : रात्री मध्यमलहरींचे कार्यक्रम दूरवर पोचतात, तुमची गिटारची केबल त्यांची अँटेना होते आणि पेडलमधला पहिला अर्धवाहक जोड त्यांतला आवाज वेगळा काढतो. जुन्या क्रिस्टल रेडिओचे काम याहून फार वेगळे नव्हते. इनपुटच्या तारेत १० किलोओहमचा रेझिस्टन्स आणि त्याच्यानंतर ग्राउंडकडे १०० पिकोफॅराडचा सिरॅमिक कंडेन्सर लावा. १६० किलोहर्ट्झच्या पुढचे त्यातून गळू लागते आणि गिटारचा एकही सूर तिथवर पोचत नाही. हे दोन्ही भाग इनपुट जॅकच्या पायांवरच सोल्डर करा. तार बोर्डापर्यंत नेऊन मग लावले, तर तोवर बातम्या डब्यात आलेल्या असतात.